डावी टाच

"त्या पाच नंबरला काढल्याशिवाय आपल्या संघाचं ग्रहण सुटत नाही," कारागीर म्हणाला आणि त्याने चपलेत आरी खुपसली.

दुकानात बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. बूट दुरुस्तीच्या त्या चिंचोळ्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा फुटबॉलचे शौकीनच अधिक बसत. यंदाच्या मोसमात संघ सलग सात सामने हरला होता आणि तळापासून दुसऱ्या क्रमांकावर येऊन टेकला होता. या अधोगतीची मीमांसा कारागिराने केव्हाच पूर्ण केली होती. गोलरक्षक उत्तम होता. पुढची फळी कोवळी होती, परंतु दोन वर्षांत तिला धार चढणार होती. गळती होती ती केवळ डाव्या बगलेला. तेथे पाच नंबरचा बचावपटू लंगडत येई, उशिरा येई, आणि तोपर्यंत चेंडू जाळ्यात विसावलेला असे.

"मागच्या वर्षी हाच पोरगा वाऱ्यासारखा पळत होता, भाऊजी," कारागिराचा मेहुणा म्हणाला.

"मागच्या वर्षी नाव कमवायचं होतं. आता नाव झालं, अंग जड झालं. लंगडणं वगैरे सगळं सोंग आहे. आपण काय दुधखुळे आहोत?"

हेच मत त्याने व्यवस्थापनास उद्देशून एका अर्जात सविस्तर मांडले होते. अर्जाखाली बासष्ट सह्या होत्या. एक नक्कल त्याने मैदानाच्या फाटकावर चिकटवली होती. पुढील मोसमासाठी कोणाला ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा, हे त्याच दिवशी संध्याकाळच्या बैठकीत ठरणार होते. मूळ अर्ज मेहुण्याच्या मांडीवर होता. तो तासाभरात क्लबच्या कचेरीत पोचवायचा होता.

इतक्यात दारात सावली पडली. पाच नंबरचा खेळाडू उभा होता. अंगावर साधा सदरा, हातात कापडी पिशवी. मैदानावर दिसे त्याहून तो पुष्कळच लहान वाटत होता. एका हाताने कंबर धरून तो पायरी चढला. मेहुण्याने अर्ज हळूच स्वतःखाली सरकवला.

"राहू द्या," खेळाडू म्हणाला. "फाटकावरचा वाचलाय मी. आईनंही वाचला. अक्षर सुंदर आहे म्हणाली."

कारागिराला आपले हात कोठे ठेवावेत ते उमगेना. ज्या माणसाविषयी त्याने वर्षभर तोंडाचा पट्टा चालवला होता, तो आता त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसला होता आणि त्याला काका म्हणत होता.

"काका, एक काम होतं. काल डॉक्टरांनी पाय मोजले. डावा पाय जरासा आखूड निघाला. लहानपणी मोडला होता, तेव्हाचं असेल. धावताना सगळा भार कमरेवर येतो म्हणाले. इतकी वर्षं खेळलास कसा, असं मलाच विचारत होते. मी काय सांगणार? यंदापर्यंत मला कधी काही जाणवलंच नाही."

"मग आता?"

"डाव्या टाचेखाली चकती घालायला सांगितलीय. चार वाजता सराव आहे. नीट धावून दाखवलंस तर बैठकीत तुझी बाजू घेतो, असं प्रशिक्षक म्हणालेत. नाहीतर कारभार आटोपला."

कारागिराने पिशवीतला डावा बूट हाती घेतला. तळाच्या कडेने काळ्या दोऱ्याची शिवण होती. ती त्याचीच होती. पूर्वीचा वृद्ध कारागीर गावी निघून गेल्यावर, मोसमाच्या आरंभी, क्लबचे सारे बूट पोत्यात भरून त्याच्याकडे आले होते. आपल्या लाडक्या संघाचे काम म्हणून त्याने ते तीन दिवस जीव ओतून केले होते. कोणता बूट कोणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याने बुटात हात घातला. अंगठा टाचेच्या जागी गेला आणि तेथेच थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही."

एरवी तो मोजल्यावाचून कातड्याला सुरी लावीत नसे. आज त्याने पट्टीकडे पाहिलेही नाही. दोन जाड थर कापले, त्यांवर एक पातळ थर डकवला, कडा तासल्या आणि चकती बुटात बसवली.

खेळाडूने बूट चढवले. रस्त्यावर उतरून तो विजेच्या खांबापर्यंत चालत गेला आणि धावत परतला. मग पुन्हा धावला. चौघेही दारात येऊन पाहत राहिले. पावले सरळ पडत होती. त्याने कमरेवरचा हात काढला होता, आणि हे त्याच्या स्वतःच्या ध्यानात आले नव्हते.

"डॉक्टर म्हणत होते, घालून-काढून बघण्यात चार दिवस जातील," तो धापा टाकीत म्हणाला. "तुम्ही तर मोजलंसुद्धा नाही. इतकं नेमकं कसं कळलं, काका?"

"अहो, आमचे भाऊजी आहेत ते," मेहुणा छाती फुगवून म्हणाला. "हात लावला की कळतं त्यांना."

सर्वांच्या नजरा कौतुकाने कारागिराकडे वळल्या. एवढ्यावर तो गप्प राहिला असता, तर गोष्ट तेथेच मिटली असती. तो उठून उभा राहिला. त्याला खेळाडूच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून तो बुटांकडे पाहत बोलला.

"तिथं आधीपासून चकती होती, बाळा. आधीच्या म्हाताऱ्या कारागिराची नजर गेलीय, चुकून राहिली असेल, असं समजून ती मीच काढून टाकली. काढताना मोजली होती."