खालची तारीख

"राजे मरत नसतात, अंकल. ते फक्त स्टेजवरून उतरतात," असं किंग मेस्कीटनं दुकानाच्या दारातून जाहीर केलं. मग दाराची एकुलती एक पायरी काही त्याला चढवेना. सुभाष काउंटरमागून आला आणि काखेत हात घालून राजाला वर घेतलं. हाताला नुसती हाडं लागली.

राजाचं खरं नाव एफ्राइन ओचोआ, वय चौतीस, धंदा रॅप. अर्विंगमधल्या दुकानांच्या त्या रांगेत एका बाजूला इंडियन ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना आणि मधे सुभाषचं टी-शर्ट छापायचं दुकान. राजाचे सगळे शर्ट पहिल्यापासून इथेच छापलेले. तो स्टुलावर टेकला. सुभाषनं सवयीनं ऑर्डरचा फॉर्म ओढला.

"काय, नवा अल्बम?"

"नाही. ढगवाले."

एफ्राइनच्या वस्तीत माणूस गेला की त्याचा फोटो टी-शर्टावर छापतात. मागे ढग, दोन कबुतरं, वर 'उगवला' म्हणून एक तारीख, खाली 'मावळला' म्हणून दुसरी. अंत्यविधीला सगळे तोच शर्ट घालून येतात. ढग सुभाषच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचे तयार असायचे. ढग तेच, माणसं बदलायची.

सुभाषनं अशा वेळी ठेवायचा चेहरा ठेवला. "कोण गेलं?"

"मी."

"कधी?"

"अजून नाही."

सुभाषनं पेनाला टोपण लावलं.

"लिव्हर," एफ्राइन म्हणाला. "डॉक्टर थँक्सगिव्हिंगपर्यंत म्हणतायत. पण त्यांना टायमिंगचा सेन्स नाही."

"अरे पण यार, तू कशाला आलास? घरचं कुणी..."

"म्हणूनच आलो. माझ्या डीजेची आई आठवते, टोन्योची? मीच आणली होती तिला. याच स्टुलावर दोन तास बसली, फोनमधले फोटो मागेपुढे करत. शेवटी शाळेतला निवडला. तेवीस वर्षांचा दांडगा गडी, आणि शर्टावर पुढचे दात पडलेला. पाच आयांना मी या स्टुलावर बसवलंय, अंकल. माझी बसणार नाही."

त्यानं फोन काढला. पहिला फोटो ह्यूस्टनचा. समोर चार हजार माणसं, गळ्यात पावशेर सोनं.

"झकास आहे," सुभाष म्हणाला.

"चेन भाड्याची होती. शो संपायच्या आत तो माणूस विंगेत येऊन उभा राहिला, परत न्यायला. माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे. दिसतं चेहऱ्यावर."

दुसरा गेल्या महिन्यातला. कुणाच्या तरी मुलीचा पंधरावा वाढदिवस, केकच्या बाजूला हा माईक धरून उभा. डोळे हळदीसारखे.

"पिवळं मी काढून टाकीन."

"नको. यात मी मेल्यासारखा दिसतो."

तिसऱ्यात तो बावीस वर्षांचा, याच काउंटरसमोर, अंगात आयुष्यातला पहिला छापलेला शर्ट. सुकेपर्यंत थांबायला तयार नव्हता. ओली शाई लागू नये म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, आणि तोंडभर हसू.

"हा कुणी काढला?"

"तुम्हीच."

सुभाषनं हा फोटो ढगांवर ठेवला. मग बराच वेळ तो कबुतरंच इकडची तिकडे करत राहिला.

एफ्राइन भिंतीकडे बघत होता. तिथे निळा शर्ट लटकत होता. त्यावर चष्मा घातलेले बाबासाहेब.

"हे साहेब अजून चालतात?"

"दर एप्रिलला. जाऊन सत्तर वर्षं होत आली, पण जयंतीला दरवर्षी शर्ट जास्तच लागतात."

"याला करिअर म्हणतात." त्याच्या आवाजात खराखुरा हेवा होता. "माझं गाणं दोन उन्हाळे चाललं."

"ते गात नव्हते रे. कायदा लिहिला त्यांनी."

"बघा. मला कुणी सांगितलंच नाही."

सुभाष हसला, आणि हसल्याबद्दल त्याला लगेच वाईट वाटलं. तो धंद्याकडे वळला. "खालच्या तारखेची पंचाईत आहे. छपाईच्या जाळीची स्क्रीन एकदा बनली की त्यात बदल होत नाही."

"मग?"

"बाकी सगळं छापून ठेवतो. तारखेची छोटी स्क्रीन वेगळी करीन. नंतर."

"नंतर," एफ्राइननं मान डोलावली. "माझा चुलतभाऊ फोन करील. तारीख सांगेल आणि ठेवील. तुम्ही सॉरीबिरी म्हणू नका, तो रडका आहे."

साइझ लिहून झाले. साठ शर्ट, त्यात बहुतेक एक्सएल, कारण मित्र खाऊनपिऊन सुखी होते. शेवटी आईचा, मीडियम.

"तिच्या शर्टाला फोटो पुढे नको. पाठीवर छापा. पुढे असला तर दिवसभर मान खाली घालून मलाच बघत बसेल."

सुभाषनं टोपण काढलं आणि लिहिलं. आई, मीडियम, पाठीवर. लिहून त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

बाहेर टॅक्सी उभी होती. पायरी उतरायला राजाला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सुभाषनं त्याला आत बसवलं, दार लावलं. टॅक्सी हलली, परत थांबली. काच खाली आली. सुभाष लगबगीनं पुढे झाला. राजाला शोभेलसं काहीतरी आता ऐकायला मिळणार, असं त्याला वाटलं.

"अंकल, मानेमागचं लेबल तेवढं कापून द्या. तिला टोचतं."