डीट्झची सही

"सही करणार नाही म्हणजे नाही," डीट्झ म्हाताऱ्याने जाळीच्या दारामागूनच सांगितलं. "पुन्हा तो कागद घेऊन आलीस तर दारसुद्धा उघडणार नाही."

व्हर्ना कोस्टेलनिक हटली नाही. ही तिची चौथी खेप होती. पालिकेचा नियमच तसा. हरणं मारायला ज्या घराच्या पन्नास यार्डांच्या आत बाण सुटणार, त्या घरमालकाची लेखी परवानगी हवी. गल्लीतल्या अकरा घरांनी सह्या दिल्या होत्या. बारावं घर डीट्झचं, आणि तेही नेमकं मधोमध. उद्या संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सही मिळाली नाही तर यंदा एकही तिरंदाज या गल्लीत पाऊल टाकणार नव्हता.

"निदान आत तरी घ्या. पाय दुखतायत माझे."

म्हातारा कुरकुरत बाजूला झाला.

हरणांनी गल्लीला सळो की पळो करून सोडलं होतं. ट्यूलिप केव्हाच संपले होते, आता दारच्या झुडपांचेही नुसते खराटे राहिले होते. वासाने ती पळावीत म्हणून कुणी फांद्यांना साबणाच्या वड्या टांगल्या, कुणी न्हाव्याकडून केसांची पोती आणून पसरली. हरणं त्या केसांवरच बसून निवांत रवंथ करायची. शेजारच्या पॉलेटच्या गाडीला तर वर्षात दोनदा धडकली.

तरी व्हर्नाइतकं हात धुऊन मागे कुणीच लागलं नव्हतं. कागद तिनेच बनवले, पालिकेच्या बैठकीत तीच भांडली. पॉलेट चिडवायची, "अगं, चार फुलांसाठी केवढा जीव काढतेस! त्या लेनसाठी, स्वतःच्या नवऱ्यासाठी तरी कधी एवढी धावलीस का?" व्हर्ना हसून वेळ मारून न्यायची. पण गेले दोन आठवडे तिला धड झोप नव्हती. एका जागी बसवत नव्हतं, उठून खिडकीशी जायची, डीट्झच्या हिरवळीवरची हरणं मोजायची, परत यायची.

डीट्झने भोपळ्याचा केक पुढे सरकवला. "खा. लेन दिसत नाही हल्ली?"

"कामासाठी फिरतोय. सध्या क्लीव्हलंडला. केक नको, आत्ताच जेवून निघाले," असं म्हणत तिने एक तुकडा उचलला.

"मला एक सांग, पोरी. तुझ्या बागेत आता खायला आहे काय? दोन वर्षांत तू एक रोपटं लावलेलं नाहीस."

"कशी लावू? तुमच्या लाडक्या हरिणी ठेवतात का काही?"

"माझ्या लाडक्या!" म्हातारा हसला. "चाळीस वर्षं मी शिकार केली, ठाऊक आहे? पण मारलं ते खाल्लं. आमच्या घरात चामडंसुद्धा वाया गेलं नाही. आणि तुम्ही कशासाठी मारणार? फुलं जगावीत म्हणून! मला हे पटत नाही. या गल्लीत हरीण खाणार कोण? सगळे नाकं मुरडणारे."

व्हर्नाच्या हातातला तुकडा थांबला. मग ती घाईघाईने बोलायला लागली. तिरंदाज ती हरणं खाटकाकडे देणार, खाटीक खिमा करून हॅरोगेटच्या चर्चला पाठवणार, तिथे दर शनिवारी गरजूंना धान्य वाटतात, त्यांना मिळणार.

"आणि त्यांना आवडेल ते?"

"भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, डीट्झकाका! भुकेल्या पोटाला कसली आवडनिवड?" तिचा आवाज उगीचच चढला. "एक घासही वाया जाणार नाही. शप्पथ घेऊन सांगते."

म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. ताटलीतला केकचा तिसरा तुकडाही संपला होता. मग त्याने खिशातून चष्मा काढला.

"आण तो कागद," तो म्हणाला. "पण मांस खरंच पोचलं का, हे मला कुणीतरी डोळ्यांनी बघून येऊन सांगायचं."

ऑक्टोबर सरता सरता गल्लीतून नऊ माद्या कमी झाल्या. पॉलेटने सगळ्यांसमोर व्हर्नाला मिठी मारली. "बाई, तू होतीस म्हणून! आता पुढच्या वसंतात माझे ट्यूलिप बघ." मग तिला आठवण झाली. "पण डीट्झने कटकट लावलीय. हॅरोगेटला कोण जाणार एवढ्या लांब?"

"मी जाते," व्हर्ना म्हणाली. "शनिवारी तिकडे माझं काम असतंच."

चाळीस मैल गाडी हाकत ती हॅरोगेटला गेली. चर्चसमोर जागा असूनही तिने गाडी मागच्या रस्त्याला लावली आणि डोक्याला रुमाल बांधून तळघरात उतरली. भिंतीलगतचा मोठा फ्रीझर उघडाच होता. आत खिम्याची पांढरी पाकिटं काठोकाठ रचलेली होती. तिने डोळे भरून ती पाहिली. कितीतरी दिवसांनी तिचं मन हलकं झालं. म्हाताऱ्याला आता खुशाल सांगता येईल, मांस पोचलं.

टेबलामागच्या मुलीने मान वर केली आणि ओळखीचं हसली. "आलात? या वेळी चंगळ आहे हं, हरणाचं मांस आलंय. घरात अजून दोघंच ना? साहेबांना लागली का कुठे नोकरी?"

व्हर्नाने नकारार्थी मान हलवली आणि पिशवी उघडून धरली.

मुलीने दोन पाकिटं आत टाकली. "काही लोक हरीण म्हटलं की नकोच म्हणतात, बाई. तुम्हाला चालतं ना?"

"चालतं," व्हर्ना म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "त्यांनी नको म्हटलेलीही मला द्याल का?"