आक्काताईंचा आवाज

अर्धांगवायूनं वाचा गेल्यापासून आक्काताई नुसत्या नजरेनं पडद्यावरची अक्षरं निवडायच्या आणि जुना कॉम्प्युटर ते शब्द बोलून दाखवायचा. एक दिवस त्याचा प्रोसेसर जळला. त्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर प्रोसेसरची पहिली रिव्हिजन, म्हणजे सगळ्यात जुनी आवृत्तीच चालायची, आणि ऑनलाइन दुकानदार दर वेळी नवीच पाठवायचे. मुलगा कृष्णात पार्सलं परत करत राहिला, फोनवर भांडत राहिला. "आईसाठी किती करतोय पोरगा," असं सगळी मंगळवार पेठ म्हणायची.

अखेर पाहिजे ती रिव्हिजन मिळाली. कॉम्प्युटर सुरू झाला तसे आक्काताईंचे डोळे भरून आले.

कृष्णातनं खोलीचं दार लोटून घेतलं. "आई, भाईर नोंदणी ऑफिसातलं साहेब आल्यात. घर माझ्या एकट्याच्या नावावर करायचं हाय. माझ्या ताईच्या वाट्याचा विषय काढू नको. साहेब इचारतील, तू नुसतं व्हय म्हण."

आक्काताईंची नजर पडद्यावर फिरली. कॉम्प्युटर बोलला, "न्हाय."



कृष्णातनं वायर उपसली आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, ह्योबी पार्ट चुकीचाच आला बघा. आईचा अंगठाच घ्या की."