सगळ्यात जुना मासा

"नव्याला नको, जुन्याला बाहेर काढायचं," शरयूताईंनी सुनेला ठणकावून सांगितलं.

हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत रॅस जातीचे चार मासे सुखाने नांदत होते. सकाळी पाचवा सोडला आणि सगळ्यात जुना शेंदरी नर त्याच्या मागेच लागला. नवा बिचारा फटीत अंग चोरून बसला होता.

शरयूताईंनी शेंदऱ्याला अलगद धरून लहान टाकीत हलवलं. मग पदर खोचून मोठ्या टाकीतले दगडही इकडचे तिकडे केले.

"आठ दिवसांनी परत येईल तेव्हा इथलं काही त्याच्या ओळखीचं नसेल. मग कसली दादागिरी करतोय! वीस वर्षं मासे पाळतेय मी."

"पण आई, त्याची तरी काय चूक?" ऋजुता हळूच म्हणाली. "त्याला वाटतं, घर आपलंच आहे."

हात पुसता पुसता शरयूताईंची नजर स्वयंपाकघरात गेली. ऋजुताने खाली ठेवलेला साखरेचा डबा त्यांनी सकाळीच मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवला होता. महिन्याभरात तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्या बॅग भरून बहिणीकडे साताऱ्याला निघाल्या. "स्वयंपाकघर तुला हवं तसं लाव," एवढंच म्हणाल्या.

आठ दिवसांनी परतल्यावर त्यांनी आधी शेंदऱ्याला मोठ्या टाकीत सोडलं. तो बुजून कडेकडेने फिरला. नव्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या आणि दारातच थबकल्या.

"ऋजुता, साखर कुठे ठेवली आहेस गं?"