हसरा फूटपाथ

अंधेरीतल्या ऑफिसांच्या गल्लीत रस्ता सुधारायला म्हणून एक मॅडम आली आणि नाक्यावर मासळी विकणाऱ्या पार्वतीचा फोटो काढून गेली. "मावशी, जरा हसा ना!" पार्वतीही पापलेट उचलून झकास हसली.

पुढे रुंद, चकाचक फूटपाथ झाला, बाकडी आली आणि पार्वतीला तिथून हाकललं. चार दिवसांनी ती पुन्हा त्याच जागी पाटी मांडून बसली.

पालिकेचा अतिक्रमणवाला साहेब गाडीतून उतरला तोच ओरडत. "ए मावशी, इथे मासळीवाली चालणार नाही. ऊठ!"

पार्वतीने मागच्या भल्यामोठ्या बोर्डाकडे कोयता रोखला. 'आपला रस्ता, जिवंत रस्ता' या अक्षरांखाली पापलेट धरून तीच हसत होती.

 

"पयले तिला उठव. मग मी उठते."