चौदा दगड

हर्षालीने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. चौदाही दगड जागेवर होते. तिने पुन्हा एकदा मोजले, आणि मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला. कयाक आपली आपण बेटाकडे सरकत राहिली.

परवा काठावरच्या चहाच्या टपरीवाल्या सनीचा फोन आला होता, "ताई, तुमच्या बेटावर कुदळी चालल्यात." काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरी आमरस, पाहुणे, पितरांचं पान. सोडून निघता येईना.

मालवणकडच्या बेटांभोवती कयाक फिरवून तिने ढिगाने समुद्रपक्षी पाहिले होते. जीव जडला तो मात्र इथे, नाशिकपासून पाऊण तासावरच्या या धरणात, उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येणाऱ्या अर्ध्या एकराच्या बोडक्या बेटावर. इथे नदी सुरय अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. समुद्रावरच्या सुरयांची ही सख्खी चुलत भावंडं. घरटं म्हणाल तर नुसता खळगा, आणि अंडी म्हणाल तर हुबेहूब खडे. म्हणून तर हंगामाच्या सुरुवातीलाच तिने प्रत्येक खळग्याशेजारी चुन्यात बुडवलेला एकेक दगड ठेवला होता. पाण्यातूनच मोजता यावं, पक्ष्यांना सारखं उठवावं लागू नये, इतकंच.

बेटाच्या उरलेल्या भागात खरोखरच कुदळ फिरली होती. ओळीने काकडीची आळी केली होती. ती दगडांपर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. असं का, ते हर्षालीला कळेना. पण कळलं नाही तरी बरं वाटलं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आली. तिच्यावर फळी, फळीवर एक म्हातारा आणि म्हातारी. म्हाताऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात कुदळ. म्हातारीच्या मांडीवर बियांचा डबा. सनी सांगायचा ते कारभारी आणि साळूबाई हेच. दोघं बेटावर उतरली.

"ही जागा तू धरली का गं पोरी?" कारभारीने विचारलं.

"मी? धरली म्हणजे?"

"चौदा दगड टाकले बाईनं," साळूबाई नवऱ्याला म्हणाली. "आपण दोघं मिळून चार टाकतो."

मग उलगडा झाला. कागदावर ही जमीन सरकारची. पण पाणी हटलं की ज्याने आधी चुन्याचा दगड ठेवला त्याचा तो तुकडा, आणि दुसऱ्याच्या दगडापलीकडे कुदळ न्यायची नाही, हे या काठावर सातबाऱ्याहून पक्कं. हर्षालीने पक्ष्यांवरची झाडून सगळी पुस्तकं वाचली होती. धरणाच्या गाळातली ही शेती त्यातल्या एकातही नव्हती. म्हणजे तिच्या अडाणीपणानेच घरटी वाचली होती. तिला हसू आलं.

"पण काल आखाजी झाली," कारभारी म्हणाला. "आखाजीपर्यंत पेरलं नाय तर दगड उठतो. ही रीत हाय. का पेरणार हाय तू?"

हसू मावळलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर आठ दिवस सहज मिळाले असते. पण इतके दिवस दुसऱ्याचे दगड राखणाऱ्या माणसापुढे ते तिच्या जिभेवर येईना.

"नाही, बाबा. मला पेरायचं नाहीये. तिथे पक्ष्यांची अंडी आहेत. मला तीन आठवडे द्या."

"पाखरांसाठी कुणी जागा धरतं का?" कारभारी म्हणाला आणि कुदळ घेऊन दगडांच्या आत शिरला.

हर्षालीने कयाक गाळात घुसवली, पण उतरायची हिंमत होईना. आणखी दोन पाय म्हणजे आणखी दोन अंडी.

एक सुरय वरून सरळ कारभारीच्या डोक्यावर आला. टोपी उडाली. म्हातारा ती उचलायला पुढे झाला, तर दुसरा त्याच्या कानाला हिसडा देऊन गेला.

"पाय नका टेकू," साळूबाई हळूच म्हणाली. "खाली बघा."

कारभारी एका पायावर तसाच उभा राहिला. उचललेल्या पायाखाली दोन अंडी होती. तिसरं फुटलं होतं, आणि त्यातून एक ओलं पिल्लू अर्धं बाहेर येऊन धापा टाकत होतं. म्हाताऱ्याने पाय मागे घेतला आणि आपल्याच पावलाच्या ठशात ठेवला. मग दुसरा. असा तो उलटा उलटा चालत दगडांच्या बाहेर आला. कुदळ त्याने काखेत घेतली.

"पेरलंय की हिनं," तो बायकोला म्हणाला. "उगवायला बी लागलंय."

हर्षालीच्या डोळ्यांना धार लागली. तिने ती पुसलीही नाही.

"अन् टोपी?" साळूबाईने विचारलं.

"राहू दे. पोरं उडाली का आणू."

ऊन चढायच्या आत पक्षी अंड्यांवर परत बसायला हवे होते, म्हणून हर्षालीने लगेच कयाक मागे घेतली. बऱ्याच अंतरावर जाऊन तिने सवयीने वळून मोजलं. बेटावर पंधरा पांढरे ठिपके होते.