ड्रॅगनसाठी प्रार्थना

चमचा खणकन ताटलीवर पडला आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेतली शांतता मोडली. आमच्याकडे प्रत्येकाने एकेका आजारी माणसासाठी मोठ्याने मागायचं असतं. आता पाळी माझ्या लेकीची होती.

"देवा, आमच्या ड्रॅगनचा पंख लवकर बरा कर."

सासरे चर्चचे पाळक. "असल्या जादूटोण्याच्या कादंबऱ्या या घरात नकोत," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून ते ड्रॅगनचं पुस्तक मी पिठाच्या डब्यामागे लपवायचे आणि सासरे बाहेर गेले की लेकीला थोडंथोडं वाचून दाखवायचे.

"कोण ड्रॅगन?" सासऱ्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"पुस्तकातला. पण आजोबा, तुम्हाला सांगायचं नाही असं आई म्हणालीय."

नवऱ्याने खोकल्यासारखं केलं. मी मान वर केलीच नाही. सासऱ्यांनी हात पुन्हा जोडले.

"आणि देवा, गोष्टीच्या शेवटी त्याच्यासाठी जीव देणाऱ्या त्या म्हाताऱ्या चेटकिणीलाही पदरात घे. आमेन."

लेक माझ्या कानाशी लागली.


"आई, तिथवर तर आपण अजून वाचलंच नाही. मग आजोबांना कसं कळलं?"